मार्चमधला बेसबॉल: स्कोअर सोडून सगळं बघा

२५ फेब्रुवारी २०२३. फ्लोरिडातल्या नॉर्थ पोर्ट गावात अटलांटा ब्रेव्ह्ज आणि बोस्टन रेड सॉक्सचा सामना. शेवटची, म्हणजे नववी इनिंग. ६-६ अशी बरोबरी, तिन्ही बेसवर अटलांटाची माणसं, दोन आउट, तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. पुढचा चेंडू बॅटरच्या आवाक्याच्या चौकोनाबाहेर पडला तर तो चौथा बॉल, बॅटरला फुकट पहिला बेस, बेस भरलेले म्हणून एक धाव आणि अटलांटा जिंकणार; तिसरा स्ट्राइक पडला तर बॅटर आउट आणि इनिंग खलास. तो चेंडू पडलाच नाही. अंपायरने खूण केली आणि अटलांटाचा बॅटर कॅल कॉनली खुशीत पहिल्या बेसकडे निघाला, कारण त्याला वाटलं चूक पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची आहे. चूक त्याचीच होती. त्या वर्षी आलेल्या घड्याळाच्या नियमाप्रमाणे (प्रत्येक चेंडूसाठी मोजून सेकंद मिळतात) आठ सेकंद उरलेली असताना तो तयार उभा नव्हता, म्हणून आपोआप तिसरा स्ट्राइक. सामना बरोबरीत संपला आणि सगळे घरी गेले.

बेसबॉलमध्ये बरोबरी हा प्रकार नसतो. आमच्या सिएटल मॅरिनर्सनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध १८ इनिंग, सहा तासांहून जास्त वेळ खेळून १-० अशी हार पत्करली होती; तितका वेळ शून्य-शून्य बघत बसलेल्यांपैकी मी एक. मग नॉर्थ पोर्टला बरोबरी कशी चालली? कारण तो होता स्प्रिंग ट्रेनिंगचा सामना. मोसमाआधीच्या या सामन्यांच्या निकालाला कवडीची किंमत नसते, आणि माझं म्हणणं असं की या महिन्या-दीड महिन्यात फक्त निकालच खोटा असतो. बाकी सगळं खरं असतं: पिचरांचे हात, नोकऱ्या, पैसे, नियम. अमेरिकेत नव्याने आलेले मराठी मित्र मला विचारतात की हे मार्चमधले सामने बघायचे तरी कशासाठी, त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप.

आधी रचना. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या व्यावसायिक स्पर्धेत, ३० संघ. फेब्रुवारीच्या मध्यावर त्यातले १५ फ्लोरिडात जातात आणि १५ ॲरिझोनात. फ्लोरिडातल्या सामन्यांना ग्रेपफ्रूट लीग म्हणतात, ॲरिझोनातल्यांना कॅक्टस लीग. ॲरिझोनातले सगळे तळ फीनिक्स शहराच्या आसपासच आहेत, त्यामुळे प्रेक्षक एका दिवसात दोन सामने बघू शकतो. फ्लोरिडात गावं लांब लांब, संघांचा निम्मा वेळ बसमध्ये जातो. मॅरिनर्सचा तळ पिओरियाला, सॅन डिएगोच्या पॅड्रेसबरोबर भागीत. फेब्रुवारीच्या शेवटी सामने सुरू होतात, मार्चच्या शेवटी खरा मोसम. तिथून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत प्रत्येक संघाचे १६२ सामने, जवळजवळ रोज एक.

ही प्रथा जुनी आहे. १८८६ मध्ये शिकागोचा संघ अर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्जला गेला तो गरम पाण्याच्या कुंडात बसून हिवाळाभरची दारू आणि चरबी घामावाटे बाहेर काढायला. त्या काळी आणि त्यानंतरही कित्येक दशकं खेळाडू हिवाळ्यात दुसरी नोकरी करत, कुणी विमा विकी, कुणी शेतावर राबे. मार्चमध्ये शरीर रुळावर आणणं गरजेचंच होतं. आज तशी परिस्थिती नाही. खेळाडू बाराही महिने स्वतःच्या ट्रेनरबरोबर घाम गाळतात, आणि तरी दर फेब्रुवारीत बातम्या येतात की अमका यंदा आयुष्यातल्या सर्वांत उत्तम शरीरस्थितीत हजर झालाय. त्या बातम्या वाचूच नका.

मग दीड महिना कशाला? पिचरच्या हातासाठी. बॅटरला लय सापडायला दोन-तीन आठवडे पुरतात, पण ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगाने चेंडू फेकणारा हात एका आठवड्यात तयार होत नाही. म्हणून पिचर इतरांच्या आधी हजर होतात. आणि त्यांचे चेंडू झेलायला कुणीतरी लागतं म्हणून कॅचरही. सामन्याची सुरुवात करणारा पिचर पहिल्या वेळी एखाद-दुसरी इनिंग टाकतो. मग साधारण पाच दिवसांनी थोडं जास्त, मग आणखी थोडं. मार्च संपेपर्यंत तो ८०-९० चेंडूंपर्यंत पोहोचला पाहिजे. हे चढतं गणित चुकलं की कोपर जातं.

कोपराच्या आतल्या बाजूचा एक स्नायुबंध तुटणं हा या खेळाचा शाप आहे. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरात शरीराच्या दुसऱ्या भागातला स्नायुरज्जू बसवला. तोपर्यंत अशी दुखापत म्हणजे कारकीर्द संपली. जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ त्या ऑपरेशननंतरचे आहेत. ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं. आता ते इतकं सर्रास होतं की चाहते नुसतं ‘टीजे’ म्हणतात आणि वर्ष-दीड वर्षाचा हिशेब मनातल्या मनात करतात. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगनेच पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला. त्यात स्प्रिंग ट्रेनिंगच्या काळात दुखापती उसळतात असं नोंदवलंय, आणि वेगाच्या मागे लागण्याला दोष दिलाय. हिवाळ्यात खाजगी लॅबमध्ये पूर्ण ताकदीने टाकायचं आणि मार्चमध्ये जागा मिळवायला आणखी ताकदीने टाकायचं. पूर्वीचे पिचर मार्च महिना आरामात काढत, आजच्यांना ती चैन नाही. त्यामुळे मी मार्चमध्ये पिचरने किती धावा दिल्या हे बघत नाही. वेग बघतो. गेल्या वर्षीपेक्षा ताशी तीन-चार किलोमीटर कमी दिसला आणि आठवडाभरात परत आला नाही, तर मला झोप लागत नाही.

धावा का बघायच्या नाहीत? एक छोटा हिशेब करू. बेसबॉलमध्ये बॅटरची सरासरी म्हणजे दर संधीमागे किती वेळा तो फटका मारून बेसवर पोहोचला. .३०० म्हणजे उत्तम, .२५० म्हणजे चालण्यासारखा. मार्चमध्ये एका खेळाडूला साधारण ६० संधी मिळतात. .३०० वाल्याचे त्यात १८ हिट, .२५० वाल्याचे १५. अख्ख्या महिन्यात तीन हिटचा फरक! एक चेंडू खड्ड्यावर उडाला, एकदा फिल्डरच्या डोळ्यांत ऊन आलं, एकदा चेंडू हातभर लांबून निसटला, की सामान्य खेळाडू तारा दिसायला लागतो. ५५० संधींमध्ये हाच फरक २५-३० हिटचा होतो, तेव्हा त्याला काही अर्थ येतो.

त्यात समोर कोण टाकतंय याचाही भरवसा नाही. पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर नावाजलेले खेळाडू अंघोळ करून घरी जातात आणि मैदानावर पाठीवर ८७, ९४ असे आकडे घेतलेली पोरं उरतात. काही दिवशी एकाच संघाचे दोन तुकडे दोन गावांत खेळत असतात. पिचर नवा चेंडू शिकत असेल तर तोच तो परत परत टाकतो, मार पडला तरी. शिवाय ॲरिझोनाच्या कोरड्या, विरळ हवेत चेंडू कमी वळतो आणि जास्त लांब जातो. तिथे होमरनांचा, म्हणजे कुंपणापारच्या फटक्यांचा, पाऊस पाडणारा बॅटर एप्रिलमध्ये सिएटलच्या गार, दमट संध्याकाळी कुंपणाच्या अलीकडे झेलबाद होतो. हे आम्ही दर वर्षी बघतो आणि दर वर्षी फसतो.

उलटंही होतं. २००१ मध्ये जपानचा इचिरो सुझुकी मॅरिनर्सकडे आला. मार्चमध्ये तो सगळे चेंडू डाव्या बाजूलाच ढकलतोय हे बघून मॅनेजर (म्हणजे इथला मुख्य प्रशिक्षक) लू पिनिएला काळजीत पडला. हा मेजर लीगचा वेग झेपवेल का, अशी शंका त्याने बोलूनही दाखवली. इचिरो गोलंदाजी वाचत होता, स्वतःच्या क्रमाने तयारी करत होता. त्या मोसमात त्याने .३५० च्या सरासरीने २४२ हिट मारले, सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही किताब एकाच वर्षी घेतले, आणि संघ ११६ सामने जिंकला. २०२५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. अर्थात ११६ जिंकूनही आम्ही वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम लढतीपर्यंत, पोहोचलो नाही. ३० संघांत तिथे एकदाही न पोहोचलेला आमचा एकच संघ आहे. २०२५ मध्ये त्याच्या आधीच्या फेरीत टोरंटोविरुद्ध सातव्या सामन्यात ४-३ ने हरून तो मान आम्ही टिकवला.

आता नोकऱ्यांकडे येऊ, कारण मार्चचा खरा थरार तिथे आहे. प्रत्येक संघाची एक ४० जणांची यादी असते आणि त्यातले २६ जण प्रत्यक्ष मोसमात संघात राहतात. शिबिराला मात्र त्याहून बरेच जास्त येतात, काही जण नुसत्या आमंत्रणावर. चौतीस वर्षांचा, दोन ऑपरेशनं झालेला एखादा पिचर शेवटचा प्रयत्न करत असतो, त्याच्या शेजारच्या लॉकरमध्ये वीस वर्षांचा पोरगा. २३-२४ जागा आधीच ठरलेल्या असतात. भांडण उरलेल्या दोन-तीन जागांसाठी. पैशाचा फरक बघा: २०२५ मध्ये मेजर लीगमधला किमान पगार ७,६०,००० डॉलर होता. त्याच्या एक पायरी खालच्या ट्रिपल-ए पातळीवर, ४० च्या यादीत नसलेल्या खेळाडूला २०२३ च्या करारानुसार वर्षाला किमान ३५,८०० डॉलर. त्याआधी तर मायनर लीगच्या, म्हणजे अशा खालच्या पातळ्यांवरच्या, पोरांना स्प्रिंग ट्रेनिंगचे पैसेच मिळत नसत. अब्जावधींच्या धंद्यात पोरांना फुकट राबवणं हे कोर्टात खेचल्याशिवाय थांबलं नाही. २०२२ मध्ये लीगने १८.५ कोटी डॉलर देऊन तो खटला मिटवला.

आणि ती शेवटची जागा मार्चमध्ये चांगलं खेळणाऱ्यालाच मिळते असंही नाही. ‘ऑप्शन’ नावाची भानगड आहे. ४० च्या यादीतल्या तरुण खेळाडूला साधारण तीन मोसम क्लब हवा तेव्हा खाली पाठवू शकतो आणि परत बोलवू शकतो. ज्याचे ऑप्शन संपले, त्याला खाली पाठवायचं तर आधी बाकीच्या सगळ्या संघांसमोर ठेवावं लागतं. कुणीही उचलून नेऊ शकतो. म्हणून .३५० वाला पोरगा बॅग भरून खाली जातो आणि .१९० वाला संघात राहतो. बातमीखाली लोक मॅनेजरला शिव्या घालतात, पण कारण कागदावर असतं.

याहून कडू किस्सा क्रिस ब्रायंटचा. २०१५ च्या मार्चमध्ये शिकागो कब्जच्या या पोराने नऊ होमरन मारले, त्या स्प्रिंगमध्ये सर्वांत जास्त, आणि सरासरी .४२५. क्लबने त्याला खाली पाठवलं. सांगितलं की फिल्डिंग सुधारायची आहे. खरी मेख सेवाकाळाच्या हिशेबात होती. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात, आणि सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा होऊन कुणाशीही करार करू शकतो. कब्जने ब्रायंटला १७ एप्रिलला वर बोलावलं. मोसमाअखेर त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसाने वर्ष हुकलं, म्हणजे क्लबला हा खेळाडू आणखी एक वर्ष स्वस्तात मिळाला. तो २०१५ चा सर्वोत्तम नवोदित ठरला, २०१६ ला सर्वोत्तम खेळाडू, आणि कब्जने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याने तक्रार केली. २०२० मध्ये लवादाने फेटाळली. नियमात बसतं, हे खरं. पण प्रेक्षकांना तिकीट विकायचं आणि नऊ होमरन मारणाऱ्याला मुद्दाम बाहेर ठेवायचं याला माझ्या भाषेत लबाडी म्हणतात.

२०२२ च्या करारात यावर थोडा उपाय निघाला. नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष मिळतं, आणि गुणी पोराला पहिल्या दिवसापासून खेळवणाऱ्या क्लबला ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) एक जादा निवड मिळू शकते. ती पहिली जादा निवड सिएटलला मिळाली, हुलिओ रॉड्रिगेझला २०२२ मध्ये थेट पहिल्या दिवशी उतरवल्याबद्दल. तेवढं एक श्रेय आमच्या व्यवस्थापनाला मी खुल्या मनाने देतो.

नियमांची चाचणीही मार्चमध्येच होते. घड्याळाचा नियम आला तेव्हा ‘खेळाचा आत्मा मेला’ वगैरे ओरड झाली. त्या मोसमात सामने सरासरी २४ मिनिटं लवकर आटोपले आणि ओरड थांबली. २०२५ च्या स्प्रिंगमध्ये १३ मैदानांवर स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान द्यायची पद्धत वापरून पाहिली, आणि २०२६ च्या मोसमापासून ती पक्की केली. आपल्याला हे समजायला सोपं, कारण डीआरएसच आहे, कॅमेरेही त्याच हॉकआयचे. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. फरक एवढाच की इथे कप्तान, कीपर आणि बोलरची बैठक बसत नाही. पिचर, कॅचर किंवा बॅटर, तिघांपैकी कुणीतरी डोक्यावर टप्पल मारायची, तीही लगेच, डगआउटकडे न बघता. स्ट्राइकचा चौकोन बॅटरच्या उंचीवरून ठरतो: वरची कड उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर.

मला ही पद्धत आवडते आणि सगळेच निर्णय यंत्राकडे द्यायला माझा विरोध आहे. कारण कॅचरची कला. कडेला पडलेला चेंडू हातमोज्यात अलगद आत ओढून अंपायरला स्ट्राइक वाटायला लावणं हे वर्षानुवर्षं घोटलेलं कसब आहे. आमचा कॅल रॅले त्यात तरबेज. २०२५ मध्ये ६० होमरन मारल्यापासून जग त्याला फटक्यांसाठी ओळखतं, पण २०२४ चा प्लॅटिनम ग्लव्ह त्याला हातमोज्यासाठी मिळाला होता. दोन आव्हानं असली की ही कला जगते आणि ढळढळीत अन्यायही टळतो.

ज्यांचा स्कोअर कुणाला आठवत नाही असे काही सराव सामने इतिहासात मात्र राहिलेत. १९४६ च्या मार्चमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन डॉजर्सच्या माँट्रियल संघाबरोबर फ्लोरिडात आला. सॅनफर्डमध्ये धमक्यांमुळे त्याला गाव सोडावं लागलं, जॅक्सनव्हिलमध्ये स्टेडियमला कुलूप लावलं गेलं. डेटोना बीचने मात्र दार उघडलं आणि १७ मार्चला तो तिथे खेळला. मेजर लीगमधला वर्णभेदाचा अडसर त्याने मोडला तो एप्रिल १९४७ मध्ये, पण आधीची कसोटी या ‘बिनमहत्त्वाच्या’ सामन्यातच झाली. ते मैदान आज त्याच्या नावाने आहे. दक्षिणेतल्या या वर्णभेदी कायद्यांना कंटाळून डॉजर्स १९४७ चं शिबिर हवानाला घेऊन गेले. त्याच वर्षी क्लीव्हलंडने ॲरिझोनातल्या टूसॉनला तळ हलवला, जायंट्स फीनिक्सला गेले आणि कॅक्टस लीगची सुरुवात झाली.

भारताचंही एक पान इथे आहे. २००८ च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू. तोवर बेसबॉल त्यांनी हातात धरला नव्हता. पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला आणि २००९ च्या स्प्रिंगला दोघं फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनच्या शिबिरात होते. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कुणी गेलं नाही. मायकल जॉर्डनही नाही गेला: १९९४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या शिबिरातून त्याची रवानगी बर्मिंगहॅमला झाली, तिथे सरासरी .२०२. भालाफेकपटू आणि बास्केटबॉलचा सम्राट, दोघांनाही वळणारा चेंडू सारखाच नडतो.

बाकी खेळांत मोसमाआधी काय चालतं? एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे, तीन सराव सामने म्हणजे निव्वळ लूट. मुख्य खेळाडू खेळतच नाहीत आणि सीझन तिकिटवाल्याच्या गळ्यात ते सामने मारले जातात. क्रिकेटने तर सराव सामने जवळजवळ सोडूनच दिलेत. भारताच्या २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पर्थच्या पहिल्या कसोटीआधी बाहेरच्या संघाशी एकही सामना नव्हता, आणि ती आपण २९५ धावांनी जिंकलो. मग कॅनबेराला पावसाने कापलेला ४६ षटकांचा सराव सामना खेळलो आणि ॲडलेडला दहा विकेटनी हरलो. तेव्हा सरावाने काय सिद्ध होतं यावर मी फार ताणणार नाही. पण पाच कसोटींसाठी बोलरचा खांदा हळूहळू चढवायला वेळ ठेवायचाच नाही, आणि मग दुखापतींवर हळहळायचं, हे मात्र मला पटत नाही.

आता पुढची चिंता. खेळाडू आणि मालक यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. गेल्या वेळी मालकांनी ९९ दिवस टाळं ठोकलं, ते १० मार्च २०२२ ला उघडलं, आणि पिचरांना तीन-साडेतीन आठवड्यांत हात तयार करावे लागले. त्याहून वाईट होता १९९५ चा मार्च. आदल्या ऑगस्टपासून संप, वर्ल्ड सिरीज रद्द, आणि मालकांनी शिबिरं भरवली ती हाताला लागतील त्या बदली खेळाडूंची. बाल्टिमोरच्या मालकाने तेवढा नकार दिला. ३१ मार्चला न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि संप मिटला. मोसम १४४ सामन्यांवर आला. पगारावर कमाल मर्यादा घालायची मालकांची हौस तेव्हाही होती, आजही आहे. २०२७ च्या फेब्रुवारीत पिओरियाचं फाटक बंद असलं तर मी खेळाडूंच्या बाजूने असेन, आणि पुन्हा बदली पोरं उतरवली तर तो महिना सरळ कॉलेज बास्केटबॉल बघेन. तिथे मार्चच्या स्पर्धेत एक सामना हरला की घरी.